चर्मपूरणासाठी कातडे कमावताना केस सुटण्याची समस्या : कारणे आणि प्रतिबंध
(कोकण किनारपट्टीच्या दमट हवामानाच्या विशेष संदर्भात)

सारांश : चर्मपूरणासाठी केसांसह कातडे कमावताना जागोजागी केस सुटणे हा नमुना कायमचा निकामी करणारा दोष होय. हा दोष कमावणीच्या वेळी दृष्टीस पडतो. म्हणून त्याचे कारणही बहुधा कमावणीच्या रसायनांत शोधले जाते. वस्तुतः तो प्राण्याच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या काही तासांत, जीवाणूंच्या आणि पेशींतील विकरांच्या क्रियेने निर्माण झालेला असतो. प्रस्तुत लेखात केसाची त्वचेतील पकड, ती सैल होण्याची कारणे आणि ठाणे जिल्ह्यासारख्या उष्ण व दमट प्रदेशात घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : चर्मपूरण, केशपुटक, जीवाणू, मीठ, सामू, आर्द्रता, कमावणी.

१. प्रस्तावना

‘पेंढा भरलेला वाघ’ हा शब्दप्रयोग मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील वस्तुसंग्रहालय किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील निसर्गविज्ञान विभाग पाहिलेल्या प्रत्येकाने असे प्राणी पाहिलेले असतात. आज मात्र चर्मपूरणात पेंढा भरला जात नाही. प्राण्याच्या शरीराच्या मापांनुसार फायबरग्लास किंवा फोमचा सांगाडा तयार केला जातो व त्यावर कमावलेले कातडे चढविले जाते. म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेस पडणाऱ्या प्राण्यात खरे असते ते कातडे आणि त्यावरील केस. सांगाडा बिघडला तर दुसरा करता येतो. कातडे बिघडले तर दुसरे मिळत नाही.

विसाव्या शतकात या कामासाठी म्हैसूर येथील व्हॅन इन्गेन यांची कार्यशाळा देशभर प्रसिद्ध होती. शतकाच्या अखेरीस ती बंद पडली. ते काम प्रामुख्याने शिकारींच्या स्मृतिचिन्हांचे होते. शिकार कायद्याने बंद झाल्यानंतर या कलेचा हेतू बदलला. मुंबईत बोरिवली येथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये वन्यप्राणी टॅक्सीडर्मी केंद्र सुरू झाले. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे अध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांच्या पुढाकाराने तेथे नैसर्गिकरीत्या मृत्यू पावलेल्या प्राण्यांचे नमुने शिक्षणासाठी तयार होऊ लागले.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक परिमाण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली व २०१४ मध्ये ते थांबविण्याचा निर्णय घेतला. परिणामी प्राण्याचे प्रत्यक्ष रूप विद्यार्थ्यासमोर ठेवण्याची जबाबदारी विभागाच्या संग्रहालयावर येऊन पडली. असा नमुना मिळण्याची संधी क्वचितच येते आणि ती गमावण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे केस सुटणे.

२. केस त्वचेत कसा टिकून राहतो

त्वचेचे दोन प्रमुख थर आहेत. वरची अधित्वचा पातळ व पेशीमय असते. खालची अंतस्त्वचा जाड असून ती कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेली असते. कातडे कमावणे म्हणजे मुख्यतः या कोलॅजेनच्या तंतूंना रासायनिक बंधांनी स्थिर करणे होय.

केस अंतस्त्वचेत रोवलेला दिसत असला तरी तो थेट कोलॅजेनला चिकटलेला नसतो. अधित्वचाच खाली खोलवर वळून एक नळीसारखी खोबण तयार करते. तिला केशपुटक म्हणतात. केसाचे मूळ या खोबणीच्या तळाशी असते व भोवतीच्या पेशींच्या आवरणांनी ते धरून ठेवलेले असते. केसाची पकड अशा रीतीने जिवंत, मऊ पेशींवर अवलंबून असते.

येथे तीन घटकांची तुलना उद्बोधक ठरते. केसातील केराटिन हे गंधकयुक्त बंधांमुळे अतिशय चिवट असते. अंतस्त्वचेतील कोलॅजेनही सामान्य जीवाणूंना सहजासहजी दाद देत नाही. या दोहोंच्या मधला पेशींचा थर मात्र दुर्बळ असतो. मृत्यूनंतर प्रथम नाश होतो तो याच थराचा. म्हणूनच केस शाबूत, कातडेही शाबूत आणि तरीही केस हातात येतो, अशी स्थिती उद्भवते.

३. केस सुटण्याची कारणे

मृत्यूनंतर दोन क्रिया एकाच वेळी सुरू होतात. पहिली पेशीच्या आत घडते. रक्तपुरवठा थांबल्यावर पेशींतील विकरे, म्हणजेच एन्झाइम, मुक्त होऊन पेशीलाच पचवू लागतात. दुसरी बाहेरून येते. त्वचेवरील, आतड्यांतील व जमिनीवरील जीवाणू वाढू लागतात आणि प्रथिने विघटित करणारी विकरे सोडतात. दोन्ही क्रियांना उष्णता व ओलावा पोषक असतो.

अनुकूल तापमानात अनेक जीवाणूंची संख्या २० ते ३० मिनिटांत दुप्पट होते. ३० मिनिटांचा हिशेब धरला तरी सहा तासांत ती ४,०९६ पट आणि दहा तासांत १०,४८,५७६ पट होऊ शकते. सस्तन प्राण्याच्या शरीराचे तापमान मृत्यूच्या वेळी ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दाट केसांचे आवरण ती उष्णता आत कोंडून ठेवते. मे महिन्यातील ठाणे जिल्ह्याच्या हवेत मोठ्या प्राण्याचे शव रात्रभर तसेच राहिले, तर पोटाकडील कातड्याचे भवितव्य बहुधा सकाळपूर्वीच ठरून गेलेले असते.

दोष प्रथम कोठे दिसतो हेही निश्चित आहे. पोट व जांघ येथे आतड्यांतील जीवाणू जवळ असतात. ओठ, पापण्या, कान, पंजे व शेपटी येथे मांस, कूर्चा किंवा चरबी अडकून राहते व मीठ आतपर्यंत पोहोचत नाही. पोटावरील हिरवट छटा, आंबूस किंवा अमोनियासारखा वास आणि अधित्वचेचा पातळ पापुद्रा सुटणे ही पूर्वलक्षणे होत. केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढल्यास मुळाशी पापुद्र्यासह केस निघाले, तर विघटन सुरू झाले आहे असे समजावे.

४. चर्मकाराची कृती : उलट बाजूने पाहिलेले हेच शास्त्र

चर्मपूरण करणारा जे टाळू इच्छितो, तेच चामडे करणारा हेतुपुरस्सर घडवून आणतो. महाराष्ट्रात परंपरेने कातडी कमावणाऱ्या ढोर समाजातील कारागीर कातडे चुन्याच्या हौदात ठेवून केस सैल करीत व नंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्काने ते कमावीत. चुन्याच्या निवळीचा सामू १२ च्या वर असतो. या तीव्र अल्कलीत केशपुटकाच्या पेशी विरघळतात आणि केस बोथट सुरीने खरवडून निघतात. कोल्हापुरी चपलेच्या चामड्यामागे हेच ज्ञान आहे.

केस काढण्याची दुसरी जुनी पद्धत चुन्याशिवायची आहे. कातडी बंद, उबदार व ओलसर खोलीत टांगून ठेवायची आणि जीवाणूंकडूनच केस सैल करून घ्यायचे. फ्रान्समधील माझामे या गावी मेंढ्यांच्या कातड्यांवरील लोकर वेगळी करण्याचा मोठा व्यवसाय अशा पद्धतीवर उभा राहिला होता. अमोनियाचा वास येऊ लागला की लोकर सुटली असे कारागीर ओळखत.

या माहितीचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. उबदार, ओलसर, बंद खोली हे जुलै महिन्यातील कोकणपट्टीच्या कोणत्याही बंद खोलीचे वर्णन आहे. मानकोलीसारख्या उल्हास नदीच्या खाडीलगतच्या गावात पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. अशा खोलीत अर्धवट मीठ लावलेले कातडे ठेवणे म्हणजे अजाणतेपणी केस काढण्याचीच पद्धत अवलंबिणे होय.

५. पहिल्या तासांतील दक्षता

(अ) शव त्वरित सावलीत व हवेशीर जागी हलवावे. गार फरशी किंवा बर्फाच्या पिशव्यांचा आधार द्यावा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या उष्ण शवातील उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून थंड होण्यापूर्वी ते गुंडाळू नये.

(आ) रक्त, मूत्र व विष्ठा केसांवरून पुसून काढावी. ही जीवाणूंची तयार खाद्ये आहेत.

(इ) शक्य तितक्या लवकर कातडे उतरवावे. मोठे शव संपूर्ण गोठविण्याचा प्रयत्न अनेकदा घातक ठरतो. बाहेरचा भाग गोठला तरी आतील उष्णता बराच काळ टिकते व उदरात कुजणे चालूच राहते. उतरवलेले कातडे मात्र उणे १८ अंशांना सुरक्षित राहते. गोठवण जीवाणूंना मारत नाही, केवळ थांबविते. म्हणून वितळविणे शीतकपाटात, सावकाश व एकदाच करावे.

(ई) मांस व चरबीचा प्रत्येक अंश खरवडून काढावा. चरबीतून मीठ आत शिरत नाही. ओठ व पापण्या आतून चिरून मोकळ्या कराव्यात, कान उलटे करून कूर्चा वेगळी करावी, पंजे शेवटच्या सांध्यापर्यंत सोडवावेत आणि शेपटी पूर्ण लांबीत उघडावी. केस सुटलेल्या नमुन्यांत बहुधा यांपैकीच एखादी जागा दुर्लक्षित राहिलेली असते.

६. मीठ आणि दमट हवा

मीठ परासरणाने कातड्यातील पाणी ओढून घेते व उरलेले पाणी जीवाणूंच्या उपयोगाचे राहत नाही. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. अशा संपृक्त द्रावणात कुजविणारे बहुतेक जीवाणू वाढू शकत नाहीत. यासाठी मीठ भरपूर हवे. कातड्याच्या वजनाइतके बारीक मीठ मांसाकडील बाजूस चोळून बसवावे, एकही सुरकुती वा कडा कोरडी ठेवू नये. कातडे उतरत्या फळीवर ठेवावे म्हणजे सुटलेले पाणी वाहून जाते. २४ तासांनी ओले मीठ झटकून पुन्हा ताजे मीठ लावावे.

येथे किनारपट्टीतील दोन अडचणी ध्यानात घेणे आवश्यक आहे.

पहिली मिठाच्या प्रकाराची. ठाणे, वसई व उरण परिसराला मिठागरांची परंपरा आहे. भिवंडी परिसरातील आगरी समाजाच्या नावाचा संबंधही मिठाच्या आगराशीच जोडला जातो. त्यामुळे जाडे खडे मीठ सुलभ वाटते. परंतु उन्हात तयार झालेल्या समुद्री मिठात खारटपणातच वाढणारे जीवाणू असू शकतात. ते कातड्यावर लालसर डाग पाडतात आणि कातडे उष्ण व ओले राहिल्यास त्याची हानीही करतात. शिवाय जाडे खडे पृष्ठभागाला सर्वत्र स्पर्श करीत नाहीत. म्हणून शुद्ध, बारीक मीठ वापरावे व एकदा वापरलेले मीठ पुन्हा वापरू नये.

दुसरी अडचण हवेची. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतील पाणी शोषू लागते. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असल्याने त्याला त्याही आधी पाणी सुटते. स्वयंपाकघरातील मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते, तोच हा प्रकार. याचा अर्थ असा, की जून ते सप्टेंबर या काळात मीठ लावलेले कातडे उघड्या हवेत वाळणारच नाही. उलट ते ओल धरेल. कोरड्या प्रदेशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतील ‘मीठ लावून वाळू द्यावे’ ही सूचना आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. पावसाळ्यात आर्द्रता शोषणारे यंत्र किंवा वातानुकूलित खोली व पंखा यांची व्यवस्था असावी. ती नसेल, तर दुसऱ्या मिठानंतर वाळविण्याच्या भानगडीत न पडता कातडे थेट आम्लाच्या द्रावणात घालावे किंवा गोठवावे. उन्हात वाळविणे हा मार्ग नव्हे. ओले कोलॅजेन सुमारे ६० ते ६५ अंशांना आक्रसते आणि आम्लात ठेवलेल्या कातड्याची ही मर्यादा याहून बरीच खाली येते.

७. भिजवण, आम्लस्नान व कमावणी

वाळलेले कातडे पुन्हा मऊ करताना धोका परत येतो, कारण पाण्याबरोबर जीवाणूंनाही संधी मिळते. म्हणून साध्या पाण्याऐवजी थंड खारे पाणी वापरावे व कातडे मऊ होताच बाहेर काढावे. रात्रभर भिजत ठेवण्याची सवय टाळावी.

यानंतर मीठ व आम्ल यांचे द्रावण येते. प्रतिलिटर पाण्यात सुमारे १०० ते १२० ग्रॅम मीठ आणि सामू २ च्या आसपास राहील इतके फॉर्मिक किंवा सायट्रिक आम्ल घ्यावे. मिठाविना आम्ल कातडे फुगवून त्याची हानी करते. म्हणून मीठ आधी, आम्ल नंतर, आणि आम्ल नेहमी पाण्यात सोडावे. सामू दररोज कागदी पट्टीने तपासावा, तो २.५ च्या वर चढल्यास आम्ल वाढवावे. या द्रावणात जीवाणूंची वाढ थांबते. किमान तीन दिवसांनी कातडे काढून मांसाकडून तासावे व पुन्हा द्रावणात ठेवावे.

तासताना आणखी एक दक्षता हवी. केसांची मुळे अंतस्त्वचेत खोलवर असतात. कातडे प्रमाणाबाहेर पातळ केल्यास मुळेच छाटली जातात आणि केस मागील बाजूने सुटतात. यातही केस गळतात, परंतु हा कुजण्याचा परिणाम नसून धारेचा परिणाम असतो. दोहोंतील फरक ओळखणे सोपे आहे : कुजण्याने सुटलेल्या केसाबरोबर पापुद्रा येतो, छाटलेला केस स्वच्छ निघतो. ऋतुमानानुसार झडणारे जुने केस ही तिसरी बाब. तेथे खाली नवी लव दिसते व कातडे निकोप असते.

कमावणीपूर्वी आम्ल उतरविण्यासाठी प्रतिलिटर सुमारे ८ ग्रॅम खाण्याच्या सोड्याचे द्रावण १५ ते २० मिनिटे पुरते. सोडा अधिक झाल्यास कातडे अल्कलीकडे झुकते आणि चुन्याच्या हौदाचीच सौम्य आवृत्ती तयार होते. अखेरीस तुरटी, अॅल्युमिनियमचे अन्य क्षार किंवा कृत्रिम कमावणी द्रव्ये वापरून कोलॅजेन स्थिर केले जाते.

कमावणीचे द्रव्य कोलॅजेनला बांधते. विरघळून गेलेल्या केशपुटकाच्या पेशी ते पुन्हा निर्माण करू शकत नाही. ‘तुरटीने केस पक्के होतात’ ही समजूत अर्धसत्य आहे. तुरटीमुळे जिवंत पकड असलेले केस टिकतात, सुटलेले परत बसत नाहीत. महागडे रसायन आणून दोष दूर करण्याचा प्रयत्न म्हणूनच निष्फळ ठरतो.

पूर्वी केस सुटू लागलेल्या जागी फॉर्मॅलिन लावले जाई. ते प्रथिने घट्ट करून पुढील नाश थांबविते, परंतु कातडे ताठर करते. शिवाय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांत केला. अल्प जागी, हातमोजे व खेळती हवा असतानाच त्याचा विचार व्हावा.

८. कायदा व आरोग्य

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मृत आढळलेला वन्य प्राणी व त्याचे अवयव ही शासनाची मालमत्ता ठरते. म्हणून महामार्गावर मृत आढळलेले उदमांजरही परवानगीविना उचलता येत नाही. वन विभागास कळविणे हाच योग्य मार्ग होय. परवानगी, पंचनामा व शवविच्छेदन यांत वेळ जातो आणि वर पाहिल्याप्रमाणे वेळ हाच या कामातील शत्रू आहे. यावर उपाय कायदा टाळणे हा नसून पूर्वतयारी हा आहे. परवानगीची प्रक्रिया चालू असताना शव थंड ठेवता येते आणि शवविच्छेदनाचा छेद उदराच्या मध्यरेषेवर घेण्याची विनंती पशुवैद्यकास करता येते. तोच छेद पुढे कातडे उतरविण्यास उपयोगी पडतो.

सरावासाठी वन्य प्राण्याची आवश्यकता नाही. मटणाच्या दुकानातून मिळणारे बोकडाचे ताजे कातडे वरील सर्व पायऱ्या शिकण्यास पुरेसे आहे. हातमोजे अनिवार्य समजावेत. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, हा रोग कातडी व केसांतून माणसास होतो. या रोगाचा संशय असलेले शव उघडूच नये.

९. निष्कर्ष

१) केसाची पकड मऊ पेशींच्या थरावर असते व मृत्यूनंतर प्रथम त्याच थराचा नाश होतो.

२) केस सुटणे कमावताना दिसते, परंतु घडते ते त्यापूर्वी. प्रतिबंध शक्य आहे. दुरुस्ती जवळजवळ अशक्य आहे.

३) किनारपट्टीच्या हवेत शव थंड करणे, चरबी पूर्ण काढणे आणि शुद्ध मिठाचा मुबलक वापर ही तीन पथ्ये रसायनांच्या निवडीहून अधिक महत्त्वाची आहेत. पावसाळ्यात केवळ मिठावर विसंबून चालणार नाही.

४) प्राणिशास्त्र विभागांनी नमुना मिळण्याची वाट न पाहता बर्फ, मीठ, आम्ल, सामू तपासण्याच्या पट्ट्या, शीतपेटीतील जागा आणि वन विभाग व पशुवैद्यक यांचे संपर्क आधीच सिद्ध ठेवावेत.

संग्रहालयातील एखाद्या प्राण्याच्या कानामागे किंवा पोटावर टक्कल पडलेले दिसते, तेव्हा ते त्याच्या मृत्यूनंतर वाया गेलेल्या काही तासांची नोंद असते. पुढील नमुन्यावर तशी नोंद उमटू न देणे हे सर्वस्वी पूर्वतयारीवर अवलंबून आहे.